पडद्यावरचं नशीब आणि पेणचा रस्ता

गणपतीच्या जागरणाला पेण-रोह्याकडच्या घरांतून पत्त्यांचा डाव पडतोच. पडवीत सतरंजी अंथरलेली असते, एका कोपऱ्यात मेंढीकोट, दुसऱ्या कोपऱ्यात तीन पत्ती, आणि मध्यरात्र उलटली की बोलणं हटकून सिनेमावर येतं. जुगाराचा, नशिबाचा एखादा थरारपट कोणीतरी नुकताच मोबाइलवर पाहिलेला असतो. त्यावरून दोन तट पडतात. एकाला तो इतका आवडलेला असतो की शेवटापर्यंत जागचा हललो नाही म्हणून सांगतो. दुसऱ्याचं म्हणणं ठरलेलं : काहीही दाखवतात, असे लागोपाठ पत्ते कधी कोणाला पडलेत का? आणि तेच गृहस्थ चार डाव हरल्यावर पाचव्याला रक्कम वाढवतात, कारण आता आपली पाळी आली असं त्यांना मनापासून वाटत असतं.

पडद्यावरच्या नशिबाला आपण फार कडक परीक्षा लावतो आणि स्वतःच्या नशिबाला जवळजवळ कसलीच लावत नाही. असं का होतं ते समजून घ्यायचं तर सिनेमा, थोडंसं गणित आणि आपल्या रायगडातल्याच एका रस्त्यावर घडलेली घटना, या तिन्हींकडे एकत्र बघावं लागतं.

आधी सिनेमा. टॉम टायक्वर यांच्या ‘रन लोला रन’ या १९९८ च्या जर्मन चित्रपटात लोला नावाच्या मुलीला वीस मिनिटांत एक लाख मार्क उभे करायचे असतात, नाहीतर तिच्या मित्राच्या जिवावर बेतणार असतं. ती धावत एका कॅसिनोत शिरते, शंभर मार्क वीस आकड्यावर लावते आणि वीसच येतो. मिळालेली सगळी रक्कम ती पुन्हा वीसवरच ठेवते, जिवाच्या आकांताने किंचाळते, आणि पुन्हा वीस. युरोपातल्या रुलेटच्या चाकावर शून्य धरून ३७ घरं असतात. एकदा वीस येण्याची शक्यता सदतिसात एक, लागोपाठ दोनदा येण्याची १,३६९ मध्ये एक. एका रुपयाला पस्तीस या दराने शंभराचे सव्वालाखाहून जास्त होतात. हा प्रसंग अनेकांना पटत नाही. हा चित्रपट हिंदीत ‘लूप लपेटा’ म्हणून २०२२ मध्ये आला.

आता १९४२ चा ‘कासाब्लांका’ आठवा. युद्धातून पळून आलेलं एक तरुण बल्गेरियन जोडपं परवान्यासाठी लागणाऱ्या पैशांच्या आशेने रुलेट खेळत असतं. नवरा हरत चाललेला, बायको हताश. कॅसिनोचा मालक रिक त्याच्या मागे येऊन उभा राहतो आणि बावीसवर लावायला सांगतो. बावीस येतो. पैसे तिथेच राहू दे म्हणतो. पुन्हा बावीस. मग पैसे उचलून निघून जायला सांगतो. गणिताने पाहिलं तर हे लोलाच्या वीसइतकंच दुर्मिळ, तेच १,३६९ मध्ये एक. पण या प्रसंगाला काहीही दाखवतात असं म्हणणारा प्रेक्षक मला अजून भेटायचाय. कारण इथे नशीब नाहीच. चाक फिरवणाऱ्याला रिकने डोळ्यांनी खुणावलेलं आपण पाहिलेलं असतं.

म्हणजे प्रेक्षक भांडतो तो शक्यतेशी नव्हे. घडलं त्याच्यामागे कोणाचा हात आहे आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे त्याला दिसायला हवं असतं. पिक्सार स्टुडिओत काम करणाऱ्या एमा कोट्स यांनी २०११ मध्ये कथा रचण्याचे काही नियम मांडले होते. त्यातला एक असा, की पात्रांना संकटात ढकलणारा योगायोग चालतो, संकटातून सोडवणारा योगायोग म्हणजे फसवणूक. पडवीवरच्या मंडळींनी हा नियम कधी वाचलेला नसतो, पण त्यांचं मत तंतोतंत त्याच रेषेवर पडतं. नायकाची बस चुकली तर कोणी हरकत घेत नाही. नायकाला लॉटरी लागली की सगळे सरसावून बसतात. ‘कसिनो रोयाल’ या २००६ च्या बाँडपटात शेवटच्या डावाला चौघांच्या हातात एकाहून एक वरचढ पानं येतात आणि बाँडकडे सगळ्यांत वरची. रमी-पोकर खेळणाऱ्यांना तो डाव खुपतो, न खेळणाऱ्यांना तोच सर्वांत आवडतो. माझं मत पहिल्यांच्या बाजूने आहे, कारण त्याआधीचा सगळा चित्रपट बाँडच्या माणसं वाचण्याच्या हुशारीवर उभा असतो आणि निकाल मात्र पानांवर सोपवला जातो.

नशीब हाच विषय असलेले थरारपट थोडेच. आपल्याकडे सोहम शाह यांचा ‘लक’ जुलै २००९ मध्ये आला. संजय दत्तचा मूसा जगभरातून नशीबवान माणसं गोळा करतो, त्यांना जिवावरच्या खेळांत उतरवतो आणि कोण जगेल यावर मोठमोठ्या पैजा लागतात. इम्रान खान, श्रुती हासन, मिथुन चक्रवर्ती, डॅनी, रवी किशन असा भरणा असूनही चित्रपट पडला. त्याच जातीचा स्पॅनिश ‘इन्ताक्तो’ २००१ चा, दिग्दर्शक हुआन कार्लोस फ्रेस्नादियो. त्यात नशीब ही हस्तांतर करता येणारी मालमत्ता आहे. एखाद्याच्या नुसत्या स्पर्शाने तुमचं नशीब त्याच्याकडे जाऊ शकतं. छळछावणीतून वाचलेला म्हातारा, विमान कोसळूनही जगलेला चोर, अशी माणसं एकमेकांचं नशीब जिंकायला निघतात. डोळ्यांवर पट्टी आणि हात बांधून ते दाट जंगलातून सुसाट धावतात. झाडाला न धडकता जो पुढे जाईल तो जिंकला. आणि शेवटचा खेळ रिव्हॉल्व्हरचा, सहा घरांत पाच गोळ्या.

दोन्ही चित्रपटांची कल्पना सारखीच, तरी एक पटतो आणि दुसरा पटत नाही, आणि हा फरक नटांचा किंवा खर्चाचा नाही. ‘लक’मध्ये नशीब जन्मजात आहे. ज्याच्याकडे आहे तो वाचणार, हे आपल्याला ठाऊक असतं, मग धाकधूक कसली? ‘इन्ताक्तो’मध्ये नशीब हरवू शकतं, चोरलं जाऊ शकतं, आणि ते कुठल्या नियमाने जातं हे आधी सांगितलेलं असतं. नियम कळला की प्रेक्षक अशक्य गोष्टसुद्धा मान्य करतो.

पण दोन्हींच्या मुळाशी एक गैरसमज आहे आणि तो खऱ्या आयुष्यात फार महागात पडतो. जो वाचला तो नशीबवानच असला पाहिजे, हा तो गैरसमज. समजा १,०२४ माणसांनी नाणेफेकीचा अंदाज करायचा आणि ज्याचा चुकला त्याने बाहेर व्हायचं. पहिल्या फेरीनंतर साधारण ५१२ उरतील, मग २५६, मग १२८. दहा फेऱ्यांनंतर सरासरी एक माणूस असा उरेल ज्याचा एकही अंदाज चुकलेला नाही. त्याच्यात विशेष काही नाही. इतक्या माणसांत कोणीतरी उरण्याची चांगलीच शक्यता होती. सिनेमा नेमका त्याच्यापासून सुरू होतो, आणि बाहेर गेलेले १,०२३ पडद्यावर येत नाहीत. आकडा सांगणाऱ्या बाबांचा धंदा याच हिशोबावर चालतो. दहा जणांना दहा वेगवेगळे आकडे दिले की एकाला लागणारच. तो गावभर सांगत फिरतो, उरलेले नऊ गप्प बसतात.

आकड्याचा विषय निघाला की मटक्याकडे यावंच लागतं, कारण नशिबाच्या धंद्याची महाराष्ट्रातली सर्वांत मोठी पेढी तीच होती. त्याची सुरुवात मातीच्या भांड्यातून झालेली नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतानाचे आणि बंद होतानाचे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात येत, आणि त्या भावांवर पैजा लागत. ओपन आणि क्लोज तिथले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं आणि पैजा लावणाऱ्यांना नवा आकडा हवा झाला. कच्छमधून मुंबईत आलेले, वरळीत किराणा दुकान चालवणारे कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळी मटका सुरू केला. १९६४ मध्ये रतन खत्री यांनी थोडे नियम बदलून न्यू वरळी मटका काढला. भगत यांचा खेळ आठवड्याचे सातही दिवस चाले, खत्रींचा सोमवार ते शनिवार.

या बदलात एक गोष्ट घडली तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. न्यूयॉर्कचा भाव मुंबईतला कोणीही बदलू शकत नव्हता. कापूस किती विकला गेला, कोणी किती विकत घेतला, यावरून तो ठरे. मटका आल्यावर आकडा काढणारा हात मुंबईतच आला, आणि तो हात पैजा घेणाऱ्याचाच होता.

खेळ कसा चाले ते जरा जवळून पाहू. शून्य ते नऊमधून तीन आकडे निघतात, पुढे यासाठी पत्ते वापरू लागले. समजा ३, ५ आणि ६ निघाले. ही झाली पत्ती किंवा पाना. बेरीज १४, तिचा शेवटचा अंक ४. म्हणून ओपनला चौका. असाच दुसऱ्या वेळी तीन आकड्यांतून क्लोज. ओपन चौका आणि क्लोज सत्ता आला तर जोडी ४७. चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे पेन्सिल आणि कागदाचा चिटोरा एवढंच सामान असे. एका अंकावर रुपयाला साधारण नऊ मिळत, जोडीवर नव्वद, पत्तीवर त्याहून जास्त.

तीन आकड्यांच्या एकूण पत्त्या होतात २२०. त्यातल्या १२० मध्ये तिन्ही आकडे वेगळे, ९० मध्ये दोन सारखे आणि १० मध्ये तिन्ही सारखे. त्या दहा अंकांत अगदी समान वाटल्या जातात, प्रत्येक अंकाच्या वाट्याला बावीस. चौक्याच्या बावीस पत्त्या, सत्त्याच्याही बावीस. हिशोब नीट मांडला तर प्रत्येक अंक येण्याची शक्यता दहात एक. या घडणीला गणिती सौंदर्य आहे, हे मान्य करायला हवं. पण दहात एक शक्यतेच्या गोष्टीला रुपयाला नऊ मिळाले, तर लावलेल्या प्रत्येक रुपयातून सरासरी नव्वद पैसे परत येतात. जोडीचंही तेच, शंभरात एक शक्यता आणि नव्वदचा भाव. दहा पैसे चालवणाऱ्याच्या गल्ल्यात, तेही काढणी अगदी प्रामाणिक असेल तर.

आणि नसेल तर? समजा एका ओपनवर मिळून एक लाख रुपये लागले. प्रामाणिक काढणीत चालवणाऱ्याला सरासरी दहा हजार सुटतील. पण चौक्यावर लोकांनी फक्त चार हजार लावलेत हे त्याला आधीच कळलं आणि त्याने चौकाच काढला, तर ३६ हजार वाटून ६४ हजार हाती राहतात. चौका बनवायला बावीस वाटा असतातच. म्हणून मटका खेळणाऱ्यांचा एक आग्रह असे, काढणी चारचौघांत व्हायला हवी. रतन खत्रींचं नाव याच मुद्द्यावर झालं. धनजी स्ट्रीटवरच्या आपल्या जागेत ते समोर बसलेल्यांनाच पत्ता उचलायला सांगत, अशी त्यांची ख्याती होती. आणीबाणीत त्यांना तुरुंगवास झाला. १९७५ मध्ये फिरोज खान यांच्या ‘धर्मात्मा’मध्ये प्रेमनाथ यांनी रंगवलेली भूमिका खत्रींवर बेतलेली मानली जाते. २०२० च्या मे महिन्यात ते मुंबईत वारले.

मटक्याला गिऱ्हाईक कोण मिळालं? गिरणगाव. आणि गिरणगावात रायगड, तेव्हाचा कुलाबा जिल्हा, किती मोठ्या संख्येने राहत होता ते पेण, रोहा, माणगाव, म्हसळ्याच्या घराघरात माहीत आहे. एका खोलीत दहा-बारा जण, पाळ्यांचं काम, खानावळीचं जेवण आणि महिन्याला गावाकडे मनीऑर्डर. त्या मनीऑर्डरीतून चार आणे, आठ आणे, रुपया आकड्यावर जात राहिला. सुट्टीला चाकरमानी धरमतरच्या लाँचने किंवा एसटीने गावी आला की त्याच्याबरोबर ओपन-क्लोजची भाषाही आली आणि पुढे नाक्यानाक्यावरच्या टपऱ्यांतून चिठ्ठ्या लिहिल्या जाऊ लागल्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, गिरण्या हळूहळू संपल्या आणि त्याबरोबर मटक्याचा हुकमी पाया गेला. खेळ मात्र संपला नाही. कारवाईला कंटाळून तो आधी शहराच्या कडेला आणि मग फोनमध्ये शिरला. जुगारबंदीचा मूळ कायदा १८८७ चा, तो आजही लागू आहे.

आता पेणच्या रस्त्याकडे येतो. कल्याणजी भगत यांच्यानंतर हा धंदा त्यांचे पुत्र सुरेश भगत यांच्याकडे आला. जून २००८ मध्ये ते अलिबागच्या न्यायालयातली सुनावणी आटोपून स्कॉर्पिओने परतत होते. सोबत वकील आणि अंगरक्षक होते. अलिबाग-पेण रस्त्यावर एक ट्रक त्यांच्या गाडीवर येऊन आदळला. भगत आणि त्यांचे सोबती ठार झाले. हा रस्ता ज्यांच्या रोजच्या येण्याजाण्याचा आहे त्यांना ट्रकची धडक ही काही अनोखी बातमी वाटत नाही. अरुंद रस्ता, वळणं, पावसाळ्याचं तोंड, अवजड वाहनं. वरवर पाहता तो अपघातच होता, आणि जन्मभर आकड्यांचा धंदा केलेल्या माणसाच्या नशिबाने शेवटी दगा दिला, असं म्हणून तो विषय मिटला असता.

पण पोलिसांनी तो मिटू दिला नाही. तपासात कट उघड झाला. मटक्याच्या धंद्यावरच्या ताब्यासाठी घरातूनच हा खून घडवला गेला, असा आरोप ठेवला गेला. मोक्काखाली खटला चालला आणि २०१३ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने भगत यांची पत्नी, मुलगा आणि इतर आरोपींना दोषी ठरवून जन्मठेप दिली. रस्त्यावरच्या त्या धडकेत योगायोगाला जागाच नव्हती. ट्रक कुठून येणार, गाडी कधी निघणार, हे ठरलेलं होतं.

हीच गोष्ट कोणी पडद्यावर आणली असती तर ट्रकचा प्रसंग अनेकांना शिळा वाटला असता. हिंदी सिनेमात ट्रकने किती माणसं मारली असतील याची गणती नाही. प्रत्यक्षात मात्र तोच जुना मार्ग वापरला गेला, कारण तो अपघातात खपून जातो. मला इथे पुन्हा ‘कासाब्लांका’तला बावीस आठवतो. तिथे जुळवून आणलेली गोष्ट जुगाऱ्यांना नशीब वाटते आणि आपल्याला, प्रेक्षकांना, खूण दिसलेली असते. पेणच्या रस्त्यावर ती खूण शोधायला पोलिसांना तपास करावा लागला आणि न्यायालयाला पाच वर्षं लागली. नशिबाच्या थरारपटाबद्दल प्रेक्षक जो प्रश्न विचारतो, यामागे हात कोणाचा, तो प्रश्न अगदी योग्य आहे. तो फक्त सिनेमापुरता ठेवला जातो, हे मला खटकतं.

खेळायला बसलेला माणूस हा प्रश्न का विचारत नाही, याचा मानसशास्त्राने बराच अभ्यास केला आहे. जेम्स हेन्सलिन यांनी १९६७ मध्ये फासे खेळणाऱ्यांचं निरीक्षण मांडलं. लहान आकडा हवा असला की माणसं फासा हळूच टाकतात आणि मोठा हवा असला की जोरात. फाशाला त्याने काही फरक पडत नाही, पण टाकणाऱ्याला आपण काहीतरी केलं असं वाटतं. एलन लँगर यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लॉटरीचं तिकीट एक डॉलरला विकलं. काहींना तिकीट स्वतः निवडू दिलं, काहींच्या हातात नुसतं दिलं. नंतर ते परत विकत मागितलं तेव्हा ज्यांच्या हाती नुसतं दिलं होतं त्यांनी सरासरी १.९६ डॉलर मागितले, आणि स्वतः निवडणाऱ्यांनी ८.६७. दोन्ही तिकिटांची जिंकण्याची शक्यता एकच होती. मटक्याचे जुने चार्ट भिंतीवर लावून त्यात रेघा मारत बसणारा, स्वप्नात दिसलेल्या गोष्टीचा किंवा समोरून गेलेल्या गाडीच्या नंबराचा आकडा बनवणारा माणूस हेच करत असतो. आकडा त्याने ‘काढलेला’ असतो, म्हणून तो त्याला आपला वाटतो.

दुसरी ओढ पाळीची. चौका पंधरा दिवस आला नाही, म्हणजे आता येणार. १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रुलेटवर काळा रंग लागोपाठ २६ वेळा आला. पंधरा-सोळा वेळा काळा आल्यावर लोक लालवर तुटून पडले, दर फेरीला रक्कम वाढवत गेले आणि अतोनात हरले. चाकाला मागचं काही आठवत नसतं. रोज एक जोडी लावली तर शंभर दिवसांत ती एकदा तरी लागेलच, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. गुणाकार करून बघा. दर दिवशी न लागण्याची शक्यता ०.९९. तिचा शंभर वेळा गुणाकार केला की उत्तर ०.३७ च्या आसपास येतं. म्हणजे शंभर दिवस नेमाने जोडी लावणाऱ्या शंभर माणसांपैकी साधारण सदतीस जणांना ती एकदाही लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची, थोडक्यात हुकणं. ओपन बरोबर आला, क्लोज एका घराने चुकला. २००९ मध्ये ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं, की असं थोडक्यात हुकल्यावर मेंदूतले जिंकल्यावर जागे होणारे भागच काही प्रमाणात जागे होतात. माणूस हरलेला असतो आणि त्याला खेळत राहावंसं वाटतं. यंत्रं बनवणाऱ्यांनी हे अभ्यासाच्या आधीच ओळखलं होतं. अमेरिकेत नेवाडाच्या जुगार नियामकांनी १९८९ मध्ये एका कंपनीच्या स्लॉट यंत्रांवर हरकत घेतली, कारण हरल्यावर थोडक्यात हुकल्यासारखं चित्र नेहमीपेक्षा जास्त वेळा दिसावं, अशी योजना त्यांत केलेली होती. म्हणजे हुकणंसुद्धा जुळवून आणता येतं.

आपल्या परंपरेत हे सगळं फार जुन्या काळापासून माहीत होतं. महाभारताच्या वनपर्वातली नळाची गोष्ट आपण दमयंतीसाठी लक्षात ठेवतो. भाऊ पुष्कर याच्यापुढे द्यूतात सर्वस्व हरलेला नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो आणि दोघे विदर्भाकडे निघालेले असतात. वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण नुसत्या नजरेने त्याच्या दोन फांद्यांवरची पानं आणि फळं किती ते सांगतो, फळं २,०९५. नळ रथ थांबवून उतरतो, झाड पाडून फळं मोजतो आणि आकडा जुळतो. मग राजा सांगतो, की ही गणनेची विद्या आणि अक्षहृदय, फाशांचं मर्म, दोन्ही त्याला अवगत आहेत. नळ ती शिकतो, त्याच्या बदल्यात घोड्यांची विद्या देतो, त्याच्या अंगातला कली बाहेर पडतो आणि पुढच्या द्यूतात तो पुष्कराला हरवतो. झाड बेहड्याचंच असणं सहज आलेलं नाही. प्राचीन काळी द्यूताचे फासे म्हणून बेहड्याचीच फळं वापरली जात. रोह्याच्या आजूबाजूच्या डोंगरात आजही बेहडा भरपूर आहे, त्रिफळ्यासाठी त्याची फळं गोळा होतात. नशिबाची गोष्ट सांगताना मोजणीला मध्यभागी आणून बसवणारा हा कथाकार मला कुठल्याही आधुनिक थरारपटापेक्षा मोठा वाटतो. शिवाय नळ ऋतुपर्णाचं बोलणं ऐकून मान डोलवत नाही, खाली उतरून मोजून बघतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, कौशल्याचा असो की नशिबाचा. त्याआधीची काही वर्षं ज्यांच्या घरात मुलांचे पगार मोबाइलवरच्या रमीत गेले त्यांना हा कायदा उशिरा आला असं वाटतं, आणि ते खरं आहे. मटक्यात निदान चिठ्ठी लिहिणारा समोर बसलेला दिसे. मोबाइलवर पत्ते कोण वाटतो, समोरचा खेळाडू माणूस आहे की आज्ञावली, हे कळायला खेळणाऱ्याला कुठलाच मार्ग नव्हता.

नागराज मंजुळे यांनी १९६० च्या दशकातल्या मुंबईवर ‘मटका किंग’ ही मालिका करायला घेतल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं, त्यात मुख्य भूमिकेत विजय वर्मा. त्याच वर्षी तेलुगूत वरुण तेजचा ‘मटका’ही आला. या विषयाकडे मराठी दिग्दर्शक वळतो याचा मला आनंद आहे, आणि जागरणाला यावर रात्ररात्र चर्चा होईल यात शंका नाही. त्या चर्चेत मला आकडा किती वेळा लागला आणि ते पटलं की नाही, एवढंच ऐकायचं नाही. मला ऐकायचंय, की पडद्यावर पत्ता उचलणारा हात कोणाचा दाखवला आहे, लावलेल्या रुपयातले दहा पैसे कोणाकडे जातात, आणि रोह्याला मनीऑर्डर पाठवणारा तो गिरणीतला माणूस एखाद्या प्रसंगात तरी नावाने आला आहे का.